चौथा खुंटा

दुसरबीडच्या प्रेमानंदनं आयुष्यात एकच गोष्ट स्वतः ठरवून केली, ती म्हणजे जीपला पायदान लावायचं. बाकी सगळं त्याच्या बाबतीत परस्पर झालं. नोकरी चुलत्यानं लावली, लग्न मामानं जमवलं आणि टक्कल तर कोणालाच न विचारता पडलं. पायदानाचा निर्णय मात्र अगदी त्याचा स्वतःचा होता, म्हणून पुढचं सगळं त्यालाच निस्तरावं लागलं.

झालं असं की आषाढात त्याच्या वडिलांच्या, म्हणजे रामरावांच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. वय चौऱ्याहत्तर. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने मोटरसायकलवर बसायचं नाही, चिखलात पाय घालायचा नाही आणि घसरायचं तर मुळीच नाही. (जसं काही माणूस पंचांगात मुहूर्त काढून घसरतो!) आता रामरावांचं वावर गावापासून दोन किलोमीटर, आणि मधे ती पांदण. काळ्या मातीचा रस्ता. पावसाळ्यात त्या पांदणीत गेलं तर चप्पल तिथंच राहते आणि चप्पल काढायला वाकलं तर माणूसही तिथंच राहतो. त्यामुळं रामराव ओट्यावर बसून राहिले. वावरातून येणाऱ्या प्रत्येकाला अडवायचे आणि विचारायचे, "आमची तूर केवढी झाली बे?" कोणी गुडघ्याएवढी म्हणायचं, कोणी कमरेएवढी. दोन्ही उत्तरं ऐकून म्हातारा रात्री जेवायचा नाही.

एका संध्याकाळी ते सुनेला म्हणाले, "पन्नास वर्सं झाले, दसऱ्याले वावरात गेलो नाई असं कदी झालं नाई. औंदा तेही होते वाटते."

हे प्रेमानंदनं ऐकलं. तो शाळेत क्लार्क होता, रोज शंभर लोकांना 'उद्या या' म्हणायची सवय होती, पण बापाला 'पुढच्या वर्षी' कसं म्हणणार? ओट्यावर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बाबा, दसऱ्याले तुमाले जीपमधी बसवून वावरात नेतो. चारी चाकाले जोर हाय तिच्या. पांदण काय चीज हाय!"

ही जीप त्यानं दोन वर्षांमागं नांदुऱ्याहून आणली होती. जुनी, खाकी, चारी चाकांना जोर असलेली. कशासाठी आणली हे घरात कोणालाच कळलं नव्हतं, आणलेल्यालाही नाही. पण ती चालत होती. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं विसरायला होईल. त्या दिवशी जीप चालत होती.

फक्त रामरावांचा पाय वर पोचेना. चार बोटं कमी पडत होती.

"एक पायदान लावून टाकू," प्रेमानंद म्हणाला. "अर्ध्या घंट्याचं काम."

त्याची बायको पुष्पांजली मेथी निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुमचा अर्धा घंटा म्हणजे पंखा पुसाले उतरवला व्हता, थोच ना? पंखा अजून माळ्यावर हाय."

रामराव म्हणाले, "अबे, पायदान कायले? जीप ओट्याले लावली तं—"

"बाबा, यातलं तुमाले समजत नाई," प्रेमानंद म्हणाला आणि जीप घेऊन थेट बीबी गावाला गेला.

बीबीत कुलदीप मिस्त्रीचं गॅरेज आहे. कुलदीप हुशार. इतका हुशार की त्याच्याकडं गाडी घेऊन गेलेला माणूस परत येताना कधी एकच बिघाड घेऊन येत नाही. त्यानं जीपभोवती एक चक्कर मारली, जिभेनं च्यक् केलं आणि म्हणाला, "साहेब, पायदान लावतो ना. पण खाली लोंबन ते. पांदणीत दगडाले घासन. पयले गाडी चार इंच उचलावं लागते."

"मंग उचल."

गाडी उचलली. उचलल्यावर तिची मूळ चाकं फारच लहान दिसायला लागली, म्हणून मोठी चाकं आली. मोठी चाकं वळताना मडगार्डला घासायला लागली, म्हणून मडगार्ड कापलं. मडगार्ड कापताना आतल्या वायरी कापल्या गेल्या. वायरी जोडल्या तेव्हा हॉर्न दाबला की वायपर चालायला लागले आणि ब्रेक दाबला की हॉर्न. दरम्यान प्रेमानंद मोबाइलवर डोंगरदऱ्यांतून उड्या मारणाऱ्या जीपचे व्हिडिओ पाहायला लागला होता. त्यानं टपावर चार दिवे बसवले. समोर लोखंडी गार्ड लावलं. (दुसरबीडच्या पांदणीत समोरून काय हत्ती येणार होता?) आणि या सगळ्यात गाडी इतकी उंच झाली की जे पायदान लावायचं होतं ते आता चार बोटं नव्हे, दोन हात कमी पडायला लागलं.

शेवटी शेवटी कुलदीपच पेटी घेऊन घरी यायला लागला. गोठ्याशेजारी, मेथीच्या वाफ्याला पाठ लावून जीप उभी राहिली ती राहिलीच. श्रावण गेला, पोळा गेला, गणपती आले आणि गेले. पुष्पांजलीनं लावलेला दोडक्याचा वेल आधार शोधत शोधत मागच्या चाकावरून टपापर्यंत चढला. प्रेमानंद तो तोडायला गेला तेव्हा ती कमरेला पदर खोचून आडवी आली.

"खबरदार! तुमच्या गाडीनं तीन महिन्यात काई देल्लं नाई. वेलानं दोडके तरी देल्ले."

शाळेत ज्ञानेश्वर शिपाई दर सोमवारी चहा ठेवताना विचारायचा, "साहेब, गाडी निघाली का?" आणि प्रेमानंद रजिस्टरमध्ये डोकं खुपसून म्हणायचा, "निघते. एवढ्या आठ दिवसात निघते."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र चमत्कार झाला. इंजिन सुरू झालं. उभ्या जागी, पण झालं. कुलदीप हात पुसत बीबीला निघून गेला आणि प्रेमानंद दिव्यांच्या वायरी बांधायला गाडीखाली शिरला. त्याच दुपारी शेजारच्या शेषरावच्या बकऱ्यांनी अर्धी मेथी खाल्ली. पुष्पांजलीनं शेषरावच्या सात पिढ्यांना फैलावर घेतलं. रामराव ओट्यावरून उठले, काठी टेकत गोठ्यात गेले आणि बराच वेळ तिकडं खुडबुड करत राहिले. मग गाडीखालून दिसणाऱ्या दोन पायांना त्यांनी विचारलं, "अबे प्रेमानंद, मले खुंटे कमी पडून राह्यले."

"बाबा, मी कामात हावो! जे दिसन थे घ्या, पण मले बोलू नका."

"जे दिसन थे घेऊ?"

"घ्या म्हणतो ना!"

रामरावांनी घेतलं.

दसरा उजाडला. पुष्पांजलीनं पहाटेच अंगणात सडा टाकला, रांगोळी काढली. गाडीला झेंडूच्या माळा, पुढच्या चाकांखाली लिंबं, गार्डवर नारळ फोडायची तयारी. पूजा म्हटल्यावर सगळ्यांनी चपला ओट्यापाशी काढल्या. शेषराव आला, त्याची आई मनकर्णाबाई आली, गल्लीतली पाचपंचवीस माणसं आली. (गाडी निघते का, यावर गल्लीत पैजा लागल्या होत्या, पण ते जाऊ द्या.) रामराव आत नवं धोतर नेसत होते. प्रेमानंद तर माळा बांधून झाल्या झाल्याच रुबाबात स्टीअरिंगवर बसला होता.

पुष्पांजली ताट घेऊन पुढं आली. बोटावर कुंकू घेतलं, बॉनेटला टेकवलं.

"अव माय वं!"

ताट उडालं. हळदकुंकू हवेत, झेंडू प्रेमानंदच्या मांडीवर आणि नारळ गडगडत शेषरावच्या पायाशी. पुष्पांजली दोन पावलं मागं जाऊन हात झटकत उभी राहिली. तोंडाचा आ तसाच.

"काय झालं वं?" प्रेमानंद वरून ओरडला.

"चावली!"

"कोण?"

"तुमची गाडी चावली मले!"

शेषराव हसला. "बायामाणसाले लोखंड पाहूनच भेव वाटते," असं म्हणत त्यानं दोन्ही तळवे थाटात बॉनेटवर ठेवले. पुढचा आवाज शेषरावच्या तोंडून निघाला, पण तो शेषरावचा वाटला नाही. उडी मारून तो मागं आला आणि बरोबर रांगोळीतल्या कमळावर बसला. उठल्यावर त्याच्या धोतरावर कमळ छापलं होतं.

सगळी गल्ली हबकली. प्रेमानंद मात्र आत बसून सीटवर उड्या मारत होता, स्टीअरिंग धरत होता, टपाला हात लावत होता. "मले तं काईच नाई होऊन राह्यलं! पाहा, हे धरलं! हे धरलं! तुमी लोक फालतू घाबरून राह्यले." आणि आपली गाडी किती निष्पाप आहे हे दाखवायला तो खाली उतरला. एक हात दाराला. उजवा पाय, अनवाणी, ओल्या सड्यावर.

डोक्यावर जे सतरा केस उरले होते ते सतराही उभे राहिले. तोंडातून शब्द फुटेना. दाराला लावलेला हात जणू कोणी झटकून फेकला आणि तो तिथंच फतकल मारून बसला.

एवढ्यात रामराव ओट्यावर आले. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, हातात काठी. खाली बसलेला मुलगा, धोतरावर कमळ घेऊन उभा शेषराव आणि हात झटकणारी सून बघून ते म्हणाले, "अबे प्रेमानंद, थे मांगं—"

"बाबा, तुमी तथीच थांबा! गाडीत करंट उतरला!"

"थेच सांगून राह्यलो, मी मांगं—"

"बाबा, यातलं तुमाले समजत नाई!"

रामराव खुर्चीवर बसले.

कुलदीपला फोन गेला. सणाच्या दिवशी तो पुरणपोळीवरून उठून आला, त्यामुळं आधीच घुश्शात. पायात जाड रबरी तळव्याचे बूट. त्यानं बॉनेटवर हात ठेवला. दारावर ठेवला. गार्डवर थाप मारली. काहीच नाही.

"कुठं हाय करंट? पोळी सोडून बलावलं मले!"

सगळे चकित. प्रेमानंद तर पार गोंधळला. शेषराव आपलं कमळ झाकत म्हणाला, "मिस्त्री, जोडा काहाडून लाव हात."

"जोड्यानं काय होते?"

"काहाड तं खरं."

कुलदीपनं बूट काढले. मोजे काढले. ओल्या अंगणात दोन पाय रोवून त्यानं हात पुढं केला आणि पुढच्या क्षणी तो मनकर्णाबाईच्या मागं उभा होता. मधलं अंतर त्यानं कसं कापलं हे कोणीच पाहिलं नाही.

"हे बारा व्होल्टचं काम नोहे," तो हळू आवाजात म्हणाला. बूट परत घातले, पाना घेतला आणि बॅटरीच काढून ओट्यावर आणून ठेवली. चावी काढून प्रेमानंदच्या खिशात घातली. "आता गाडीत करंट राहूच शकत नाई. लावा हात."

"मीच काऊन?"

"गाडी कोनाची?"

प्रेमानंदनं गल्लीकडं पाहिलं. गल्लीनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटून एक बोट, अगदी करंगळी, पुढं केलं.

"आई गं!"

आता मात्र खरंच सगळ्यांची पाचावर धारण बसली. इंजिन बंद, बॅटरी ओट्यावर, चावी खिशात आणि तरी गाडी मारतेच आहे! कोणी एक शब्द बोलेना. त्या शांततेत ऐकू आलं. टिक. थोडं थांबून, टिक. परत, टिक.

कुलदीपनं कान टवकारले. "आतून येऊन राह्यलं."

"जिती हाय!" मनकर्णाबाईनं दोन्ही हात जोडले. "देवी हाय थे! आज दसरा हाय आन् तुमी तिले पाने-पेचकस लावून राह्यले! म्हणून कोपली. पुष्पे, खण-नारळ आण, ओटी भरू."

शेषरावला वेगळीच शंका आली. "नांदुऱ्याच्या त्या मालकाचा जीव अडकला असन हिच्यात."

"थो जिता हाय," प्रेमानंद रडकुंडीला येऊन म्हणाला. "मागच्या मंगळवारी बोललो मी त्याच्यासंग."

"मागच्या मंगळवारचं काय सांगतं? आजचं सांग!"

प्रेमानंदनं खरंच फोन लावला. पलीकडचा माणूस ठणठणीत होता. श्रीखंड खात होता. त्यानं दसऱ्याच्या शुभेच्छाही दिल्या आणि गाडी कशी आहे ते विचारलं. प्रेमानंदनं फोन ठेवला.

"अबे पोराहो," रामराव परत म्हणाले, "माह्यं आयकून घ्या, मांगं जे—"

"मामाजी, तुमी नका मधात पडू," पुष्पांजली कळवळून म्हणाली. "तुमच्या पायाचं आताच ऑपरेशन झालं. झटकागिटका बसला तं?"

मनकर्णाबाईनं तोवर लांबूनच खण-नारळ बॉनेटवर टाकला. नारळ घसरून खाली पडला. हे काही बरं लक्षण नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. दिवस चढत होता. प्रेमानंद ओट्याच्या पायरीवर बसला. तीन महिने! तीन महिने तो या गाडीमागं लागला होता, आणि आज दसऱ्याच्या दिवशी बाप नवं धोतर नेसून, फेटा बांधून खुर्चीत बसलेला, आणि गाडीला हात लावायची सोय नाही. सगळ्या गल्लीसमोर दिलेला शब्द. "बाबा," तो खाली बघत म्हणाला, "माफ करा. नाई जमलं मले."

उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी.

रामराव गोठ्याकडून येत होते. पायात चपला नाहीत, त्या ओट्यापाशीच राहिल्या होत्या. काठी टेकत, सडा तुडवत ते सरळ जीपकडं निघाले.

"बाबा! हात नका लावू! बाबा!"

पुष्पांजली किंचाळली. मनकर्णाबाईनं डोळ्यांवर पदर घेतला. प्रेमानंद धावला, पण त्याला उशीर झाला. रामरावांनी उजव्या हाताचा तळवा बॉनेटवर पसरून ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

काही झालं नाही. म्हातारा शांत उभा. टिकटिकही थांबली होती.

"देवी पावली!" मनकर्णाबाई म्हणाली.

"देवी नाई," रामराव म्हणाले. "मशीन बंद केली म्या."

"कोणती मशीन?"

"झटका मशीन. वावरातली. रानडुकराले लावतो ना तारेवर, टिकटिक करते थे. काल शेषरावच्या बकऱ्यानं मेथी खाल्ली, म्हणून वाफ्याभोवती तार ओढली. गोठ्यात ठेवली मशीन. धोतर नेसाले जाता जाता चालू केली."

प्रेमानंद जीपच्या मागं गेला. दोडक्याची पानं बाजूला केली. मेथीच्या तीन कोपऱ्यांना तीन खुंटे होते, आणि चौथ्या कोपऱ्याची बारीक तार वेलातून येऊन जीपच्या मागच्या हुकाला चार वेढे घालून नीट बांधली होती. रबरी चाकांवर उभी असलेली अख्खी जीप तारेच्या करंटवर होती. त्यामुळं आत बसलेल्याला काही नाही, बूटवाल्याला काही नाही आणि अनवाणी पूजा करणाऱ्याला प्रसाद.

"बाबा! जीपले बांधली तार?"

"खुंटा कमी पडला. तूच म्हणलं, जे दिसन थे घ्या."

"पण जीप? जीप कोणी खुंटा म्हणून धरते काय?"

रामरावांना त्यात चूक काय हेच कळेना. "तीन महिने झाले, हालली नाई. खुंट्याले अजून काय लागते?"

गल्ली इतकी हसली की शेषरावच्या बकऱ्या पळाल्या. कुलदीप बूट झटकत म्हणाला, "बुढेबाबा, मंग आधी काऊन नाई सांगलं?"

"तीन डाव सांगाले आलो. हा म्हणे, यातलं तुमाले समजत नाई. म्या म्हटलं, नसन समजत."

प्रेमानंदनं तार सोडली, बॅटरी जोडली, आणि कुलदीप उरलेल्या पुरणपोळीकडं रवाना झाला. इंजिन सुरू झालं. जीप तीन महिन्यांनी जागची हलली आणि दोडक्याचा वेल कडाकडा तुटून तिच्यामागं निघाला. ओट्याला लावली, तर नवल पाहा. गाडी इतकी उंच झाली होती की तिची फळी आणि ओटा बरोबर एका पातळीत आले. रामराव काठी टेकत ओट्यावरून सरळ सीटवर जाऊन बसले. चढायला गुडघाही वाकवावा लागला नाही.

"पायदान कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

पायदान कुलदीपच्या गॅरेजमध्ये होतं. ते लावायचं राहून गेलं होतं.

मिरवणूक निघाली. पुढं टपावर चार दिवे, मागं आठ-दहा दोडके लोंबत. प्रत्येक ब्रेकला हॉर्न वाजायचा, त्यामुळं सगळं गाव बाहेर आलं. रामराव फेटा सावरत डावीउजवीकडं रामराम घालत होते. प्रेमानंदची छाती फुगली. बसले झटके तर बसले, शब्द पाळला की नाही? गाव संपलं आणि पांदण लागली. परवाच्या पावसानं ती लोण्यासारखी झाली होती.

"आता पाहा बाबा चारी चाकाचा जोर," असं म्हणून त्यानं चारी चाकांचा दांडा ओढला आणि गाडी चिखलात घातली.

मागची दोन चाकं गरगरा फिरली. पुढची दोन शांत होती. जीप हळूच बुडावर टेकली.

प्रेमानंदनं कुलदीपला फोन लावला. पलीकडून तोंडात पोळी असल्याचा आवाज आला. "पुढच्या चाकाले जोर देते थो शाफ्ट? थो तं गाडी उचलल्यावर पुरलाच नाई ना साहेब, म्हणून काहाडून ठेवला. सांगतो सांगतो म्हणता राहून गेलं. तुमच्या गोठ्यापाशीच तं ठेवला हाय."

प्रेमानंदनं वडिलांकडं पाहिलं. "बाबा, गोठ्यापाशी लांब जाड नळी पडून होती. पाह्यली तुमी?"

"थे व्हय? मस्त मजबूत हाय. वरून रबर गुंडाळून मेथीत गाडली. तिसरा खुंटा थोच."

शेवटी शेषरावला बोलवावं लागलं. बकऱ्यांमुळं हे सगळं झालं म्हणून त्याला थोडी लाज होती, की मजा पाहायची होती, कोण जाणे. पण तो बैलजोडी घेऊन आला. धोतरावर कमळ तसंच. जीपच्या समोरच्या हत्तीगार्डला दोर बांधला. (शेवटी ते गार्ड एकदा तरी कामाला आलं.) बैलांनी ओढायला सुरुवात केली. प्रेमानंद चिखलात उतरून मागून ढकलत होता आणि चाकं त्याच्या तोंडावर चिखल उडवत होती. वर रामराव एखाद्या संस्थानिकासारखे बसले होते.

वावर आलं. जीप धुऱ्याच्या बांधाला टेकून थांबली. रामराव सीटवर धरून उभे राहिले. सोयाबीन काढून झालेलं, त्यापलीकडं तूर. कमरेएवढी नव्हे, छातीएवढी. पिवळी फुलं लागायला लागलेली. दूर नाल्यापर्यंत सगळं वावर एका नजरेत दिसत होतं. म्हाताऱ्यानं फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले.

"पन्नास वर्सं वावर पाह्यलं रे," ते म्हणाले, "पण एवढ्या वरून कदी नाई पाह्यलं. पार नाल्यालोक दिसते. चांगली गाडी केली तू."

डोक्यापासून पायापर्यंत चिखलात माखलेल्या प्रेमानंदला हे ऐकून रडूच आलं. तीन महिन्यांचे टोमणे, दिवसभराचे झटके, सगळं फिटलं असं त्याला वाटलं. बापानं त्याला जन्मात पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं. "खरंच बाबा?"

"खरंच. आता इथंच राहू दे तिले."

"इथं?"

"डुकरं लय झाले औंदा. तूर ठेवत नाईत. हिच्यात बसून रातची जागल कराले बरं, पाऊस लागत नाई, टपावरचे दिवे हाय." रामरावांनी काठीनं वावराचे कोपरे मोजले. "आन् माह्या तारेले इथंही तीनच खुंटे हाय."

पुढच्या सोमवारी ज्ञानेश्वरनं टेबलावर चहा ठेवला. "साहेब, गाडी निघाली का?"

"निघाली," प्रेमानंद म्हणाला. आवाजात थोडा ताठा होता. "वावरात असते आता. बाबानं कामाले लावली."

"वा! काय काम करते?"

प्रेमानंदनं रजिस्टर उघडलं आणि त्यात डोकं खुपसलं.

"उभी राह्यते," तो म्हणाला.